अक्षरांचा चष्मा घेऊन देवपूरला

खानदेशात जायचं तर थंडीत जावं, असं शरद, माझा नवरा, नेहमी म्हणायचा. उन्हाळ्यात तिथे पाहुणा नुसता घाम पुसत बसतो. थंडीत वांगी, हरभरा, केळी, सगळं ताटात येतं. तो असताना आम्ही मिरजेहून दर दिवाळीला धुळ्याला जायचो, म्हणजे थंडीच्या जरा अलीकडेच. ऐन थंडीत मी पहिल्यांदा गेले ती तो वारल्यानंतर चार वर्षांनी, एकटी, आणि निमित्त होतं एका चष्म्याचं.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला ऐकू येत नाही. जन्मापासून असं नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर एक मोठं दुखणं आलं आणि त्यात दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं. त्यातून आवाज येतो, पण पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. शब्द त्यात सापडत नाही. बोलता मला पूर्वीसारखंच येतं, फक्त किती मोठ्याने बोलतेय ते कळत नाही. बँकेत मी काउंटरवर होते, तिथून मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे कुणी बोलत नाही, म्हणून बरं.

समोरच्याचं बोलणं मोबाइलवर अक्षरांत उमटवणारी ॲप्स आली तेव्हा मी एकेक वापरून पाहायला लागले. त्यातूनच नव्या यंत्रांच्या शौकिनांच्या एका गटात शिरले. महाराष्ट्रभरची माणसं. कुणी घड्याळांचं वेड असलेला, कुणी ड्रोनचं, कुणी घरातले दिवे मोबाइलवर लावणारा. वर्षातून एकदा सगळे कुठेतरी भेटतात. मी कधी गेले नव्हते. पंधरा-वीस माणसं एकदम बोलत असताना मी काय करणार? पण यंदाची भेट जळगावला ठरली आणि तिथल्या प्रमोद चौधरींनी गटावर फोटो टाकला: त्यांच्या मावसभावाने परदेशातून आणलेला चष्मा. काच साधी, पण समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटतात. खाली लिहिलं होतं, ‘मिरजेच्या ताई, तुमच्यासाठी आहे हे. या.’

त्याच आठवड्यात धुळ्याहून माझे दीर दिलीप भाऊजी यांचा मेसेज आला. ‘अक्का पडली. हाड मोडलं नाही, पण उठत नाही. तुमच्याशी बोलायचंय म्हणते. मी म्हटलं मला सांग, मी लिहून पाठवतो, तर म्हणे तिलाच सांगीन.’

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्या आयुष्यभर अहिराणीच बोलल्या. कान होते तेव्हा मला त्यातलं निम्मं कळायचं. कान गेल्यावर शरद मधे बसायचा. अक्का बोलायच्या, तो माझ्याकडे तोंड करून सावकाश मराठीत सांगायचा आणि मी त्याचे ओठ वाचायचे. तो गेला आणि मधली जागा रिकामी झाली. चार वर्षं मी दिवाळीला जात होते, अक्कांच्या समोर बसत होते आणि मान हलवत होते. मोबाइल पुढे धरला की अक्का चिडायच्या. दिलीप भाऊजी सांगायचे, ‘ती म्हणते, माझ्याकडे बघायचं सोडून त्या डबीकडे काय बघते.’ चष्म्यातून माणसाच्या तोंडाकडे बघत वाचता येईल, हे मला त्या फोटोवरून लगेच कळलं. मी रजा टाकली.

जळगाव

स्टेशनवर एक जाडजूड, हसरा गृहस्थ मोबाइल डोक्यावर धरून उभा होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: ‘ताई, मी प्रमोद.’ हे भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत, राहतात जळगावला. स्टेशनाबाहेर त्यांनी मला आधी चहा पाजला. आमच्याकडे चहा कपभर देतात आणि साखर विचारतात; इथे घोटभर देतात, साखर विचारत नाहीत, आणि तुम्ही नको म्हणायच्या आत दुसरा आलेला असतो.

भेट होती त्यांच्या मित्राच्या फरशांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. जिना चढून गेले तर जमिनीवर सतरंज्या, टेबलांवर यंत्रं मांडलेली, एखाद्या हळदीकुंकवाला वाण मांडावं तशी. झोप मोजणारी अंगठी. पुस्तकासारखा मिटणारा मोबाइल. केळीच्या बागेवर फिरवायचा ड्रोन, त्याच्याभोवती रावेरचे दोन बागायतदार. एका कोपऱ्यात खोका होता, त्यात गेल्या वर्षीच्या भेटीत मिरवलेल्या वस्तू. कंपनी बंद पडली, ॲप गेलं, सुटा भाग मिळत नाही. कुणी फेकत नव्हतं, कुणी हातही लावत नव्हतं.

प्रमोदभाऊंनी मला खुर्चीवर बसवलं आणि चष्मा स्वतःच्या रुमालाने पुसून माझ्या हातात दिला. घातला. फ्रेम जरा जड, नाकावर रुतणारी. काही दिसेना. मग हवेत, त्यांच्या हनुवटीच्या खाली, हिरवी अक्षरं आली:

‘ताई दिसतंय का’

मी “हो” म्हटलं. बहुतेक ओरडलेच, कारण सगळा हॉल वळला.

‘दिसतंय म्हणतात’
‘अरे वा’
‘पाणी द्या त्यांना’

पाणी द्या, हे कुणीतरी माझ्या पाठीमागून म्हणालं होतं. पाठीमागचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं त्याला किती वर्षं झाली होती, मला आठवेना.

तेवढ्यात जमीन झाडणारं यंत्र दाखवणं सुरू झालं. ताटलीएवढं गोल चाक, आपलं आपण फिरणारं. ते ऐटीत निघालं, बाल्कनीच्या उंबरठ्याशी गेलं आणि तिथे धडका देत अडकलं. मालक कानकोंडा झाला. पाचोऱ्याचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, ते मागून काहीतरी बोलले आणि माझ्या काचेवर उमटलं: ‘यापेक्षा आमची सून बरी, तिने माप लाथाडून उंबरठा तरी ओलांडला.’

हॉल हसला आणि मीही हसले. सगळ्यांबरोबर, त्याच वेळी. बहिऱ्या माणसाचं हसणं नेहमी मागून येतं. सगळ्यांचं हसून होतं तेव्हा कुणीतरी त्याला समजावून सांगतं आणि तो हसल्यासारखं करतो. मी तोंड पदराने झाकलं. नानांना वाटलं सुनेवरचा विनोद मला लागला, ते बिचारे येऊन माफी मागून गेले.

दुपारी खरं काम. चष्म्याचं ॲप माझ्या मोबाइलवर चढवलं, त्यात एक सोय होती: बोलीतली वाक्यं बोलायची, खाली मराठी अर्थ लिहायचा, म्हणजे तो हळूहळू शिकतो. मी अक्कांचं सगळं आधीच गटावर लिहिलं होतं. त्यामुळे सगळे तयारीत होते. सतरंजीवर कोंडाळं करून बसले आणि चष्म्याला अहिराणी शिकवायला लागले.

आणि तिथेच भांडण जुंपलं. शिरपूरच्या एका गृहस्थांनी एक वाक्य म्हटलं, नाना म्हणाले, ‘असं कोण बोलतं?’ रावेरचे बागायतदार म्हणाले, ‘आमची तर अहिराणीच नाही, आमची बोली वेगळी, आम्हाला धरू नका.’ धुळ्याचा एक इंजिनियर ‘आहे’ या शब्दावरून म्हणाला, ‘आपन शे म्हनतो, से नाही.’ नाना म्हणाले, ‘तुमची धुळ्याची अर्धी गुजराती.’ काचेवर अक्षरांची नुसती झुंबड उडाली. मला मात्र भांडण वाचता येत होतं, आणि वाचता येणारं भांडण ही चैन होती.

संध्याकाळपर्यंत ‘तू कोठे जाय राह्यनी’ म्हटलं की काचेवर ‘तू कुठे चालली आहेस’ यायला लागलं. टाळ्या वाजल्या, मी हलणारे हात पाहिले. मला वाटलं, झालं.

दिवस मावळताना सगळे एका बागायतदाराच्या मळ्यात गेलो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवीगार वांगी टाकतात, साल करपली की सोलून लाकडी उखळीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात. वर तेल, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. आमच्या मिरजेत भरीत ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर असतं. इथे केळीच्या पानावर ढीग, सोबत पुऱ्या, आणि बाकी काही नाही. मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चष्मा धुरकटला आणि अक्षरं वाहून गेल्यासारखी दिसायला लागली. मी तो काढून शांतपणे जेवले.

निघताना प्रमोदभाऊंनी चष्मा डबीत घालून माझ्या हातात दिला. “परत जाताना इथूनच गाडी पकडायचीय ना? तेव्हा द्या.” डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण मळ्यातल्या दिव्याखाली त्यांचे ओठ मला स्पष्ट दिसले. “ताई, एक सांगतो. आम्ही सगळे शिकलेले. आमची अहिराणी सुधारलेली. म्हातारं माणूस वेगळं बोलतं. फार आशा ठेवू नका.”

मी हो म्हटलं आणि आशा ठेवली.

पारोळ्याच्या स्टँडवर

जळगावहून धुळ्याची एसटी एरंडोल, पारोळा करत जाते. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणी होत आलेली, फांद्यांवर उरलेला थोडा पांढरा कापूस. मी खिडकीशी, डोळ्यांवर चष्मा, पर्समध्ये मोबाइल. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक आजी, मांडीवर पिशवी.

पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली. कंडक्टर चढून काहीतरी बोलला आणि अक्षरं आली: ‘गाडी पंक्चर आहे सगळ्यांनी शेजारच्या गाडीत बसा तिकीट तेच चालेल.’ एरवी अशा वेळी मी सगळे उतरताना पाहून घाबरी होते, कुणाला तरी विचारते, तो तोंड वळवून काहीतरी सांगतो. त्या दिवशी मी सर्वांत आधी उठले. आजींना ऐकू गेलं नसावं, त्या तशाच बसून होत्या. मी त्यांना सांगितलं, “आजी, गाडी बदलायचीय, चला.” त्यांची पिशवी घेतली. एका बहिरीने दुसरीला सांगितलं! शरदला हे सांगायला हवं होतं.

दुसऱ्या गाडीत आजी पुन्हा माझ्या शेजारी बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बोलायला लागल्या. काचेवर आलं: ‘बाई तू कथा आणि वन.’

मी वाचलं, परत वाचलं. मग जुन्या आठवणीतून जुळलं. कथाईन वनी? कुठून आलीस? “मिरजेहून,” मी म्हटलं. आजी खूश झाल्या आणि सुरूच झाल्या. ‘मना पोरगा पण तडे जात व्यायाम.’ ‘सरकार दवाखाना दख तुला.’ त्यापुढे तर नुसते मराठी शब्दांचे तुकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. चष्मा कुठे अडखळत नव्हता, रिकामी जागा सोडत नव्हता. कळलं नाही असं तो एकदाही म्हणाला नाही. जे ऐकू आलं त्याच्या जवळचा एखादा पुस्तकातला शब्द उचलून ठेवत होता.

मी स्वतःला समजावलं की गाडीचा आवाज फार आहे. धुळं येईपर्यंत मी हेच समजावत होते.

देवपूर

पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. पात्रात पाणी थोडं, बाकी दगड आणि गवत. दिलीप भाऊजी एका शाळेत क्लार्क आहेत. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला गेलेल्या, त्यामुळे अक्कांचं सगळं तेच करत होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला पाहून त्यांनी आधी बॅग घेतली आणि मग ओट्यावरच्या खाटेकडे बोट दाखवलं.

उन्हात अक्का पडल्या होत्या. त्यांच्या अंगात कधी फार मांस नव्हतंच, आता घोंगडीखाली काही आहे की नाही कळत नव्हतं. दात कधीच गेलेले. मी पाया पडले. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, चष्म्याला बोट लावलं आणि बोलल्या. हिरवी अक्षरं त्यांच्या गळ्याशी उमटली:

‘मणी अंडे वन.’

मी भाऊजींकडे वळले. “काय म्हणाल्या? अंडे?”

त्यांना क्षणभर कळेना, मग त्यांचा चेहरा बदलला. ‘आंडेर,’ ते म्हणाले. ‘आंडेर म्हणजे मुलगी. मनी आंडेर वनी म्हणाली. माझी मुलगी आली.’ त्यांचं बोलणं काचेवर व्यवस्थित आलं, फक्त आंडेरच्या जागी तिन्ही वेळा अंडे; खरा शब्द मी त्यांच्या ओठांवरून घेतला.

अक्का मला असं आधीही म्हणत असतील का? चार वर्षांच्या त्या मान हलवण्यात हे किती वेळा माझ्यासमोरून गेलं असेल?

जेवायला भाऊजींनी शेवभाजी केली होती, वर तेलाचा लाल थर, आणि बाजारातून आणलेल्या पोळ्या. अक्कांना पातळ खिचडी. मी ती भरवली. दोन घासांच्या मधे त्या बोलत होत्या आणि मी वाचत होते. ‘पाणीपुरवठा’ आला. ‘मामलेदार’ आला. ‘शरद’ आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि तो तेवढा अगदी शुद्ध आला. त्याच्या आगेमागे चिखल.

जेवणानंतर मी एक गोष्ट केली. तेव्हा ती मला शहाणपणाची वाटली. मी भाऊजींना म्हटलं, “अक्कांना सांगा ना, जरा आपल्या मराठीत बोला म्हणावं. थोडं सावकाश. मग सगळं दिसेल मला.”

भाऊजींनी सांगितलं. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांनी खूण केली तसं भाऊजींनी त्यांना पाठीला उशी देऊन बसवलं. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, कचेरीतल्या साहेबासमोर घ्यावा तसा. हात मांडीवर ठेवले.

‘तुम्ही बऱ्या आहात का’

‘प्रवास चांगला झाला का’

‘जेवण झाले का’

एकही चूक नव्हती. काना-मात्रा सगळं जागच्या जागी. नव्या काचेवर इतकं सुरेख वाक्य जळगावातही आलं नव्हतं. आणि अक्का मला तुम्ही म्हणत होत्या. लग्न होऊन त्या घरात गेले त्या दिवसापासून त्यांनी मला तू सोडून काही म्हटलं नव्हतं. त्यांच्या बोलीत सुनेला तुम्ही म्हणतच नाहीत.

“हो अक्का, झालं जेवण,” मी म्हटलं. जेवण त्यांच्यासमोरच झालं होतं.

त्यांनी आणखी काही शोधून पाहिलं. ओठ हलले, थांबले. त्या भाषेत त्यांच्याकडे एवढंच होतं. मग त्यांनी भाऊजींना हाताने खूण केली, उशी काढ, आणि आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून.

मी प्रमोदभाऊंना मेसेज केला. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘त्यांचीच वाक्यं शिकवा ना ॲपला. दिलीपरावांना अर्थ लिहायला सांगा. शंभर-दोनशे वाक्यांत फरक पडेल.’ मी वर पाहिलं. अक्कांचा श्वास घोंगडीवर दिसत होता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

दिवेलागणीला भाऊजींनी खाट आत घेतली, देवाजवळ दिवा लावला. अक्का जाग्या झाल्या. त्यांनी माझा हात शोधला, स्वतःच्या छातीशी नेला आणि बोलायला लागल्या. या वेळी घाई नव्हती. डोळे माझ्या डोळ्यांत. हेच ते, हे मला सांगायला त्यांनी बोलावलं, एवढं मला कळलं. काचेवर एकामागून एक ओळी चढत होत्या, ‘दादर बंद’, ‘कान टोचून’, ‘शरद म्हणे वाटाणा’, आणि त्या ओळी बरोबर त्यांच्या तोंडावर येत होत्या. मी चष्मा काढून डबीत ठेवला.

नुसता चेहरा राहिला. ओठ आत ओढलेले, त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. पण भुवया होत्या, डोळे होते, माझ्या हातावरचा दाब होता. त्या कुठे रडवेल्या झाल्या, कुठे जरा हसल्या. मी त्यांच्याबरोबर मान हलवत होते. हो अक्का. हो. खरं आहे. मला त्या वेळी मनापासून वाटत होतं की मला कळतंय.

अक्का थांबल्या. वाट पाहिल्यासारखं पाहत राहिल्या. मग काहीतरी थोडंसं बोलल्या. मी मान हलवली. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, मी पुन्हा मान हलवली.

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात पातेलं. त्यांनी दिव्याच्या उजेडात येऊन माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, अगदी शरद बोलायचा तसे. “वहिनी, अक्का विचारते, मी काय बोलले ते सांग.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, पोचलं का.

“अक्का, मला…” मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ माझा हात तसाच धरून ठेवला. मग सोडला. टाकला नाही, ओढून घेतला नाही. घोंगडीवर आणून ठेवला, कुणाची वस्तू कुणाला परत द्यावी तसा. आणि डोळे मिटले.

मी उठून भाऊजींचा दंड धरला. “तुम्ही ऐकलंत ना? सांगा मला. शब्द न् शब्द सांगा.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, एकही शब्द निसटायला नको म्हणून.

‘अक्का म्हणते’

एवढं उमटलं. भाऊजींनी पातेलं खाली ठेवलं, तोंडावर हात दाबला आणि मागच्या दाराने अंगणात गेले. समोर नुसतं रिकामं दार, आणि त्यावर ते दोन हिरवे शब्द, बराच वेळ.

परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते. म्हणाले, ‘शरददादाचं बोलत होती. मी पण पुरतं ऐकलं नाही वहिनी, आत-बाहेर करत होतो. उद्या सांगतो.’

परत

सकाळी अक्कांना ताप होता. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले आणि त्या झोपल्या. माझी गाडी, भाऊजींची शाळा, शेजारच्या बाईंना किल्ली देणं, सगळं एकदम आलं. रिक्षात बसवताना भाऊजी म्हणाले, “निवांत लिहून पाठवतो. सगळं लिहितो.” मी अक्कांच्या कपाळाला हात लावून निघाले होते. त्या जाग्या झाल्या नाहीत.

जळगावला प्रमोदभाऊ स्टेशनवर डबा घेऊन आले होते, त्यांच्या घरचे मांडे, पुरण भरून खापरावर भाजलेले, रुमालासारखे घड्या घातलेले. मी चष्म्याची डबी परत दिली आणि काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, “ॲपमध्ये सगळं साठवलेलं असतं ताई. दाखवा.”

त्यांनी पर्समधला माझा मोबाइल घेऊन ती पानं उघडली. अक्कांचं दिवसभराचं बोलणं, ओळीखाली ओळ. ते बाकावर बसून वाचायला लागले, ओठ हलवत, मोठ्याने म्हणून बघत, त्या मोडक्या शब्दांमागे स्वतःच्या आईची बोली कुठे ऐकू येते का ते शोधत. गाडीची वेळ झाली तरी वाचत होते.

“मूळ आवाज असता तर मी शब्द न् शब्द सांगितलं असतं,” ते म्हणाले. “पण हे आवाज ठेवत नाही. अक्षरं झाली की आवाज पुसून टाकतं.” आणि दिवा लावल्यावरचं जे बोलणं मला हवं होतं, त्यातलं तर बरंचसं अक्षरांतही नव्हतं. मी चष्मा काढून डबीत घातला होता, तो डबीत गेला की बंद होतो.

गाडीत मी एक मांडा खाल्ला, बाकीचे मिरजेला शेजाऱ्यांना वाटले. सगळ्यांनी विचारलं, खानदेश कसा आहे? मी भरताचं सांगितलं, केळीच्या बागांचं सांगितलं, नानांचा विनोद सांगितला. बहिऱ्या बाईने प्रवासातला विनोद सांगावा याचं त्यांना नवल वाटलं.

भाऊजींचं पत्र काही आलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली, ते म्हणाले, अक्काचं फार चाललंय, लिहितो. होळीच्या आधी अक्का गेल्या. मी दहाव्याला गेले. भटजी बोलत होते, बायका बोलत होत्या, मी भिंतीला टेकून बसले होते. तिथे मी भाऊजींना काही विचारलं नाही.

उन्हाळा लागल्यावर एका रविवारी दुपारी मी त्यांना लिहिलं: ‘भाऊजी, त्या दिवशी अक्का मला काय म्हणाल्या?’

खूप वेळ ते लिहीत असल्याची खूण दिसत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेवटी आलं ते एवढंच:

‘वहिनी, खोटं नाही सांगत. मी रोज आठवून पाहतो. आता मला शब्द आठवत नाहीत.’